हरवळ्याचा धबधबा पाहायला जाताना

गोव्यात धबधबा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे 310 मीटर उंचीवरून कोसळणारा दूधसागर येतो. त्याच अपेक्षेने कोणी डिचोली तालुक्यातील हरवळ्याला गेला, तर त्याची थोडी निराशाच होईल. हरवळ्याचा धबधबा लहान आहे, रुद्रेश्वराच्या देवळाला लागून आहे, आणि त्याच्या आसपास घनदाट अरण्य नसून काही वर्षांपूर्वीपर्यंत जिथे खनिजवाहू ट्रकांच्या रांगा लागत असत, तो खाणपट्टा आहे. तरीही घरातील वृद्धांना आणि मुलांना सोबत घेऊन भर पावसातला धबधबा दाखवायचा असेल, तर उत्तर गोव्यात याहून सोयीची जागा मला तरी सुचत नाही.

मोसमी पाऊस गोव्यात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. मात्र त्या दिवसांत लगेच जाण्याची घाई करू नये. पहिल्या सरींबरोबर वरची सुटी लाल माती वाहून येते आणि पाणी गढूळ असते. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत प्रवाह भरलेला असतो, नंतर तो ओसरत जातो, आणि उन्हाळ्यात केवळ धबधब्यासाठी एवढ्या लांब येण्यात अर्थ नाही. रविवार शक्यतो टाळावा. इतर दिवशी सकाळी लवकर गेल्यास देवळाच्या परिसरात निवांतपणे उभे राहता येते.

हरवळ्याजवळचे मोठे गाव साखळी पणजीहून तिसेक किलोमीटरवर आहे. कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या) आणि खाजगी बसगाड्या साखळीपर्यंत मिळतात, आणि तेथून पुढचे दोनेक किलोमीटर रिक्षाने किंवा मोटारसायकल पायलटच्या, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून नेणाऱ्याच्या, मागे बसून जाता येते. परतीचे वाहन मिळेलच या भरवशावर न राहता रिक्षावाल्याशी जाण्या-येण्याचे भाडे आधीच ठरवलेले बरे. हरवळे अभयारण्याच्या हद्दीबाहेर असल्यामुळे येथे वन खात्याच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. नेत्रावळी किंवा म्हादई अभयारण्यातील धबधब्यांचे तसे नाही: 2023 च्या जुलैत मैनापीला दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. त्यामुळे तिकडे निघण्यापूर्वी चौकशी करावीच लागते.

खाली उतरताना पायऱ्यांकडे लक्ष असू द्यावे. जिथे सतत पावले पडतात तो मधला भाग खरबरीत राहतो, पण कडेला, नेमके आधारासाठी आपण जिथे सरकतो तिथे, हिरवट-काळ्या शेवाळाचा पातळ थर साचतो, आणि ओल्या उजेडात तो साध्या दगडासारखाच दिसतो. गुळगुळीत तळव्याच्या चपलांपेक्षा पकड असलेल्या पावसाळी सँडल बऱ्या. धबधब्यासमोर तुषारांसह वारा अंगावर येतो, छत्री उलटते आणि शेजारच्याला लागते; रेनकोट घालावा, चष्मा असल्यास पुसायला कोरडा रुमाल आतल्या खिशात ठेवावा.

कठड्याच्या आत राहून जेवढे पाहता येते तेवढे पुरेसे आहे, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. धबधब्याच्या पायथ्याशी असलेली कोंड (खोल डोह) वरून शांत वाटली तरी येथे माणसे बुडाली आहेत. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळून त्याचा फेस होतो, अशा पाण्यावर शरीर नेहमीसारखे तरंगत नाही, आणि खालचा भोवरा माणसाला पुन्हा धारेखाली ओढतो. त्यामुळे चांगल्या पोहणाऱ्याचाही इलाज चालत नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडून धबधब्यांत उतरण्यास बंदीचे आदेश निघतात, त्यांमागे हेच कारण आहे. आपल्या डोक्यावर आकाश मोकळे असले तरी वरच्या बाजूला जोराची सर पडलेली असू शकते. पाण्याचा रंग अचानक लालसर झाला, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज जड झाला, तर फोटोचा मोह सोडून ताबडतोब पायऱ्या चढाव्यात. दुर्घटना घडल्यास मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक लावावेत.

परिसरात फिरताना दुसरा धोका लक्षात घ्यावा लागतो, तो जुन्या खाणींचा. गोव्यातील खाणकाम 2012 मध्ये थांबले, पुढे काही काळ सुरू झाले, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणींच्या भाडेकरारांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर पुन्हा काही वर्षे बंद पडले. खाणींच्या खंदकांत पावसाचे पाणी साठून निळ्या-हिरव्या रंगाची तळी दिसतात आणि तरुण मुलांना त्यांची भुरळ पडते. मात्र त्यांचे काठ सुट्या मातीचे असतात, उतार थेट खोल पाण्यात जातो, आणि एकदा घसरलेल्या माणसाला हात धरायला काही सापडत नाही. अशा खंदकाच्या काठाला जाऊच नये. रस्त्यावरूनही खाणीचा आकार पुरता कळतो.

रुद्रेश्वराच्या दर्शनाला ओल्या कपड्यांनी आत शिरणे योग्य नव्हे. आधी देऊळ आणि मग धबधबा असा क्रम ठेवल्यास ही अडचण येत नाही. महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी असते, पण तेव्हा प्रवाहाला फारसा जोर उरलेला नसतो.

जवळच असलेली जांभ्या दगडात कोरलेली लेणी मात्र चुकवू नयेत. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. अभ्यासक ती साधारण सहाव्या-सातव्या शतकातील मानतात. दर्शनी भाग साधा आहे आणि आतल्या खोल्यांत शिवलिंगे आहेत. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ उंबऱ्याशीच थांबावे. जांभा मऊ असतो आणि बोटांच्या घर्षणानेही झिजतो, म्हणून छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवू नये. ही जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. धबधबा आणि लेणी मिळून अर्धा दिवस पुरतो, आणि दुपारच्या जेवणाला साखळीच्या बाजारात परत येता येते.