आधी विचारा, गेलंय काय?

दापोडीच्या एसटी वर्कशॉपात ३२ वर्षं काढली की अंगाला एक खोड लागते. यंत्र बंद पडलं की "नवीन केवढ्याला येतं?" हा प्रश्न सुचतच नाही. पहिला प्रश्न एकच, "गेलंय काय?" निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण पिंपळे गुरवच्या आमच्या घरात आजही तोच कारभार चालतो. मुलगा मोबाईलवर नवीन वस्तू शोधत असतो तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर शोधत असतो. सूनबाई दोघांकडे बघत वैतागलेली असते. तिनेच मला सांगितलं, "बाबा, तुम्ही दर वेळी ठरवता कसं, ते एकदा लिहून ठेवा." म्हणून हा खटाटोप.

बसचा ब्रेक लायनर, म्हणजे ब्रेक दाबला की घासणारा पट्टा, झिजण्यासाठीच जन्माला येतो. क्लच प्लेट, फॅनबेल्ट, टायर, सगळी तीच जात. लायनर गेला म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नाही, आणि चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तडा गेला तर नुसते लायनर बदलून कोणी गाडी रस्त्यावर सोडत नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूत काही लायनर असतात आणि एक चासी असते. लायनर गेला असेल तर दुरुस्ती, चासी गेली असेल तर नवीन. अडचण एवढीच, की घरच्या वस्तूंत लायनर कुठला आणि चासी कुठली हे वरून दिसत नाही.

मिक्सरपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त मिक्सर विनाकारण भंगारात जातात. माझी धाकटी बहीण कराडला असते. तिचा फोन आला, "दादा, मिक्सर मेला. डोशाचं वाटताना घुर्र झालं आणि गप्प. भंगारवाल्याला दीडशेला दिला." मी विचारलं, खालचं लाल बटण दाबून पाहिलंस का? ती म्हणाली, "खाली बटण असतं?" असतं. बहुतेक मिक्सरांच्या बुडाला ओव्हरलोडचं छोटं बटण असतं. मोटरवर ताण आला की ते उडतं आणि मिक्सर बंद होतो. प्लग काढायचा, दहा-पंधरा मिनिटं मोटर थंड होऊ द्यायची, बटण आत दाबायचं. बहिणीच्या मिक्सरला दुसरं काही झालंही असेल, आता कळायला मार्ग नाही. पण ते बटण दाबून पाहायला एक पैसा लागला नसता.

मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही, किंवा करकर आवाज येतो, तर कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या चकतीचे, दात गेले. हा अस्सल लायनर. तो मऊ असतो हे बरंच आहे, कारण भांड्यात काही अडकलं तर आधी दात जातात आणि मोटर वाचते. साठ-सत्तर रुपयांचं काम. घरी बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा, बऱ्याच मिक्सरांत मोटरवरचा कपलर उलट्या आट्यांचा असतो. नेहमीसारखा फिरवत बसलात तर तो आणखी घट्ट बसतो. भांड्याच्या बुडातून काळपट पाणी येऊ लागलं तर पात्याचा दांडा धरणारं बुश गेलं. ते लगेच बदला, कारण ती काळी घाण चटणीतही उतरते. हवेच्या फटीतून निळ्या ठिणग्या जास्त दिसत असतील तर मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले. ते जोडीनेच बदलायचे, एकटा नाही. आणि जळका वास, धूर, फ्यूज उडणं असं सगळं एकदम झालं तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळलं. ही मिक्सरची चासी. रिवाइंडिंग होतं, म्हणजे तारा नव्याने गुंडाळून मिळतात, पण हिशेब नव्या मिक्सरच्या निम्म्यापर्यंत गेला तर मी थांबतो.

निम्म्याचा हा आकडा लोक फार मिरवतात, "खर्च निम्म्याच्या वर गेला की नवीन घ्या" म्हणून. मी तो शेवटी लावतो. आधी चासी बघतो. चासी ठणठणीत असेल तर निम्म्याच्या थोडं वर गेलं तरी चालतं, आणि चासी गेली असेल तर पाव खर्चही वाया जातो.

हे मला फ्रिजने शिकवलं. एवढी वर्षं यंत्रांत घालवून मी तिथे चक्क फसलो. फ्रिज गार होईना. मेकॅनिक आला, "काका, गॅस संपलाय," म्हणाला, भरून गेला, ₹२,२००. पाच महिन्यांनी पुन्हा तेच, ₹२,५००. चार महिन्यांनी तिसऱ्यांदा, पुन्हा ₹२,५००. एकूण ₹७,२०० गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं. ट्यूबच्या बाबतीत हे मी कोणाला करू दिलं असतं का? म्हणून आता पहिला प्रश्न, "लीक कुठे आहे, दाखव." मागच्या बाजूला कॉम्प्रेसरजवळच्या जोडावर असेल तर ब्रेझिंग करून घ्या, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवून घ्या, दुरुस्ती टिकते. आतल्या भिंतीत, फोममध्ये गाडलेल्या नळीत असेल तर ती चासी समजा. आमचं तेच होतं. एकच बिघाड वर्षाच्या आत दुसऱ्यांदा आला की तिसऱ्यांदा पाकीट उघडायचं नाही, हे मी आता कपाटाच्या दारावर लिहून ठेवलंय.

कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती बहुधा फक्त त्या सुट्या भागाची असते. गॅस, मजुरी, येण्याचा आकार हे वेगळे लागतात. कार्ड बारीक अक्षरांसकट वाचा. आणि फ्रिज गार होत नाही म्हणून कोणाला बोलावण्याआधी दाराचं रबर तपासा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथून गारवा बाहेर जातोय. रबर कोमट साबणपाण्याने पुसा. खोबणीत साचलेला चिकटा निघाला की अनेकदा ते पुन्हा नीट बसतं.

गीझरचं सोपं आहे. पाणी तापत नाही, तर एलिमेंट (पाणी तापवणारी कांडी) किंवा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा भाग) गेला, दोन्ही लायनर. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, एलिमेंटवर चुन्याची पुटं चढतात. टाकी गळली की मात्र नवीन, तिथे जोडाजोडी करू नये. पण खाली ओल दिसली म्हणून घाबरू नका. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडतात. ते टाकीतून येतात की व्हॉल्व्हमधून, हे आधी कोरडं फडकं लावून बघा.

आता पंखा. इथे माझा नियम मोडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पंखा हळू फिरू लागला तर दहांतल्या आठ वेळा कपॅसिटर, बहुतेक घरगुती पंख्यांना अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, पन्नासेक रुपयांत येतो. खरखर आली तर बेअरिंग, त्यावर नंबर असतो, तोच नंबर दुकानात सांगायचा. मेन स्विच बंद करूनच शिडीवर चढायचं, नुसतं पंख्याचं बटण बंद करून नाही. इतकं केलं की पंखा तीस वर्षं चालतो. आमच्याकडचा १९९४ चा अजून फिरतोय.

तरीही हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा चांगला चालता पंखा मी काढून नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा बसवला. हिने विचारलं, "अहो, ह्याला काय धाड भरली होती?" पंखा ठीक होता, बिल ठीक नव्हतं. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा साधारण ३०. फरक ४५ वॉटचा. रोज १२ तास, वर्षात नऊ महिने धरले तर १४५ युनिट वाचतात. युनिटला ₹१० धरा (तुमच्या बिलावर बघून तुमचा दर घाला), म्हणजे वर्षाला ₹१,४५०. पंखा ₹३,००० चा, दोन वर्षांत वसूल. पाहुण्यांच्या खोलीतला १९९४ चा पंखा मात्र तसाच ठेवलाय. तो वर्षाला वीस रात्री फिरतो, रात्रीचे दहा तास धरले तर वाचतील ९ युनिट, ₹९०. वसूल व्हायला तेहतीस वर्षं लागतील, तोवर मीच मोडीत निघालेलो असेन. म्हणजे एकच वस्तू एका खोलीत बदलण्याजोगी आणि शेजारच्या खोलीत राखण्याजोगी. रोज किती तास चालते हे विचारल्याशिवाय "जुनी वस्तू वीज खाते" हे वाक्य कोणाचं ऐकू नका. बीएलडीसी घेताना दोन गोष्टी बघा: जुन्या रेग्युलेटरवर तो बहुधा चालत नाही, रिमोटवर चालतो, आणि आतल्या सर्किट बोर्डावर वॉरंटी किती वर्षं आहे. तो बोर्ड कोपऱ्यावरचा वायरमन दुरुस्त करत नाही.

वॉशिंग मशिनने माझा पुरता अपमान केला. समोरून दार असलेलं, नऊ वर्षं वापरलेलं. पिळताना एसटीचं हब बेअरिंग गेल्यासारखा आवाज येऊ लागला. आवाजावरूनच मी बेअरिंग म्हणून सांगितलं, आणि बेअरिंगच होतं. पाचशेच्या आतलं काम, अशी मी घरात ऐट मारली. मग कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "काका, टब एकसंध चिकटवलेला आहे, उघडत नाही. पूर्ण टब बदलावा लागेल, साडेनऊ हजार." लायनर आहे, पण चासीत वेल्ड करून ठेवलाय! कासारवाडीच्या एका मेकॅनिकने टब करवतीने कापला, बेअरिंग बदललं, सिलिकॉन लावून स्क्रूंनी पुन्हा जोडला. ₹३,२००. चौदा महिने चाललं, मग जोडातून पाणी झिरपू लागलं. तोटा झाला म्हणत नाही, पण पुन्हा करणार नाही. नवीन घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न तोच विचारला, "ह्याचा टब उघडतो का?" त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. मी सर्व्हिस सेंटरला फोन लावून विचारलं आणि मगच पैसे दिले.

काही वस्तूंत मी चर्चाच करत नाही. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, तडा दिसो न दिसो. वर्ष नळीवरच छापलेलं असतं. कुकरची रिंग, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, बाजारातले "सगळ्यांना बसतात" ते नाहीत. कुकरचं बूड फुगलं असेल तर तो भंगारात. नवीन कुकरवर आयएसआयची खूण बघा, १ फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. इस्त्रीची वायर कातरली तर टेप गुंडाळायची नाही, पूर्ण वायर बदलायची.

गाद्या आणि भांडी हा हिचा प्रांत. तिथे माझं काही चालत नाही, आणि ती माझ्यापेक्षा बरोबर असते हे कबूल करतो. कापसाची गादी दगड झाली की ती पिंजून घेते, थोडा नवा कापूस घालते, नवी खोळ. पिंजारी आता दारावर येत नाही, सांगवीत दुकान आहे तिथे न्यावी लागते. फोमची गादी एकदा बसली की बसली, तिला पिंजता येत नाही, म्हणून ती स्वस्त पडते हा भ्रम आहे. पितळेच्या पातेल्यांना कल्हई करून आणते. सागवानी खाट ढिली झाली तर सुतार खुंट्या ठोकून देतो. भुश्याच्या बोर्डाचं कपाट फरशी धुताना बुडाशी फुगलं, ते मात्र कोणी सुतार हातात घेईना.

दुरुस्तीला देताना दोन सवयी ठेवा. काढलेला जुना भाग परत मागा, आणि तो का गेला ते विचारा. खरा कारागीर दाखवून सांगतो, कंटाळत नाही. आणि नवीन घ्यायचंच ठरलं तर शोरूमच्या आधी दुरुस्तीवाल्याकडे जा. मी पुण्यात तपकीर गल्लीत जातो आणि कुठल्या मिक्सरचे कपलर, जार, ब्रश काउंटरवर पडलेले आहेत ते बघतो. ज्याचे भाग तिथे ढिगाने मिळतात तो मिक्सर घ्यायचा. रंग आणि बटणांची संख्या नंतर. घेतानाच एक कपलर आणि एक रिंग जास्तीची घेऊन ठेवतो. केंद्र सरकारचं राईट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र सापडते. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

वर्कशॉपची आणखी एक सवय घरी आणली, जॉब कार्ड. शंभर पानी वहीत प्रत्येक वस्तूला एक पान. वर बिल चिकटवलेलं, खाली तारीख, काय गेलं, किती लागले. फ्रिजच्या पानावर "गॅस" हा शब्द तीनदा एकाखाली एक दिसला तेव्हाच मला माझी चूक दिसली, मनात ठेवलं असतं तर दिसली नसती.

तो फ्रिज शेवटी एक्सचेंजमध्ये दिला. दुकानदार हजार देत होता, भंगारवाला चौदाशे. पण भंगारवाला नळी कापून गॅस हवेत सोडणार, म्हणून चारशेवर पाणी सोडलं. न्यायला पोरं आली त्याच्या आधल्या रात्री काचेचे दोन कप्पे मात्र मी काढून घेतले. एक सध्या तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून आहे. दुसरा कशासाठी ठेवलाय हे ही रोज विचारते.