कढीपत्त्यावरची अळी आणि लिंबू फुलपाखरू : या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या परसबागांत कुंडीतला कढीपत्ता पाहता पाहता निष्पर्ण झाला की दोष बहुधा रोगाला दिला जातो आणि हाताशी असेल ते औषध फवारले जाते. पाने कडेकडून मध्यशिरेपर्यंत कुरतडलेली दिसत असतील, तर मात्र आधी लिंबू फुलपाखराच्या अळ्या शोधाव्यात. लिनियसने १७५८ मध्ये वर्णन केलेले हे फुलपाखरू लिंबू, बेल, कढीपत्ता आणि बावचीवर वाढते, त्यामुळे जतच्या कोरड्या भागातही ते सहज आढळते.

ओळखण्यातच पहिली गफलत होते. पुच्छ कुळातले असूनही या फुलपाखराला शेपूट नसते. पंखांचा विस्तार आठ ते दहा सेंटीमीटर असतो, काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके असतात आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी-लाल डाग असतो. शिराळ्याच्या चांदोली परिसरात दिसणारी आपली राज्य फुलपाखरू राणी पाकोळी हीसुद्धा याच कुळातली आणि बिनशेपटीचीच आहे. पण ती बरीच मोठी असून तिच्या पंखांवर निळाई असते.

अळीच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. मादी कोवळ्या पालवीवर एकेक पिवळसर, गोल अंडे घालते आणि तीन-चार दिवसांत त्यातून बाहेर पडणारी अळी पहिल्या चार अवस्थांत हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, तपकिरी-पांढरी दिसते. झाड धुताना ती घाण समजून पाण्याच्या जोराने उडवली जाते. चौथ्यांदा कात टाकल्यावर ती हिरवी होते आणि पुढचा भाग फुगीर दिसतो; तो डोके नव्हे, खरे डोके त्याच्या खाली दडलेले असते. डिवचल्यास डोक्यामागून भडक रंगाचे, शिंगांसारखे दुहेरी अवयव बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. ही नांगी नव्हे. त्याने हाताला इजा होत नाही.

घरात अळी पाळणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बाजारातला कढीपत्ता देणे. त्यावर औषधाचा अंश राहिला असेल, तर नुसते पाण्याने धुतल्याने तो पूर्ण जाईलच असे नाही, आणि वरवर निरोगी दिसणारी अळी एका रात्रीत काळी पडून लोंबकळते. रोपवाटिकेतून नवे आणलेले रोपही लगेच वापरू नये. तासगाव भागात द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढतात, तेव्हा बागेलगतच्या झाडाचा पाला टाळावा. सुरुवातीला ज्या झाडाचा पाला दिला, तोच शक्यतो शेवटपर्यंत द्यावा. घट्ट झाकणाच्या डब्यात वाफ साचून विष्ठेला बुरशी येते, म्हणून तोंडाला मलमल बांधलेली बरणी चांगली. लिंबाच्या लहान कलमांवर मात्र दया दाखवणे परवडत नाही. तेथे अळ्या हाताने वेचून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

पूर्ण वाढलेली अळी एके दिवशी खाणे सोडते, पातळ विष्ठा टाकते आणि सैरभैर फिरते. हा आजार समजून तिला पुन्हा पानावर ठेवू नये. ती कोषासाठी जागा शोधत असते, तिला उभी काडी द्यावी. हिरव्या जागी कोष बहुधा हिरवा आणि वाळक्या काडीवर तपकिरी होतो, तेव्हा तपकिरी कोष मेला म्हणून फेकू नये. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघते, थंडीत वेळ अधिक लागतो. निसटून पडलेल्या कोषाच्या टोकाचा रेशमी पुंजका टाचणीने कापडाला अडकवावा आणि खाली पंख लोंबायला मोकळी जागा ठेवावी. जागा अपुरी पडली, तर पंख चुरगळलेलेच वाळतात. बाहेर आल्यावर पडणारे लालसर थेंब रक्ताचे नसतात, तो कोषावस्थेत साठलेला मळ असतो.

कोषावर बारीक गोल छिद्रे दिसली, तर आतून परजीवी गांधीलमाश्या निघून गेल्या आहेत असे समजावे. त्यांतल्या काही जाती कोष ताजा, मऊ असतानाच त्यात अंडी घालतात, त्यामुळे पुढच्या खेपेस अळीने खाणे सोडताच तिला बारीक जाळीत घ्यावे. कोष कडक झाल्यावर जाळी लावण्यात अर्थ नसतो.