दुसरा कॉमा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात आले आणि सगळे विषय एकदम इंग्रजीत सुरू झाले. शब्द पाठ होते, काळ पाठ होते, व्हॉइसही बदलता यायचा. कॉमा मात्र मी श्वासावर द्यायचे. मनात वाचताना थांबावंसं वाटलं की दिला कॉमा. ही सवय पदवीपर्यंत टिकली आणि नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत आडवी आली.

अर्जाला स्वतःविषयी एक परिच्छेद जोडायचा होता. मी लिहिलं होतं: ‘आय वॉज रेझ्ड बाय माय अंकल, अ टेलर, माय आंट अँड माय ग्रँडमदर.’ समोरच्या बाईंनी विचारलं, “काका, काकू, आजी समजले. हे टेलर कोण? तुमच्या घरीच राहायचे का?” आधी मला प्रश्नच कळला नाही. टेलर म्हणजे काकाच की! रात्री अकरापर्यंत शिलाई मशीनवर वाकून त्यांनी माझी फी भरली होती. त्यांची ओळख अभिमानानं सांगायला गेले आणि माझ्याच वाक्यानं त्यांची दोन माणसं केली. ते मला फार लागलं. परतीच्या बसमध्ये खानापूर येईपर्यंत मी तेच वाक्य मनात उलटसुलट करत होते.

आता मी पीयूसीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्यातली बरीचशी माझ्यासारखीच मराठी शाळेतून आलेली असतात. म्हणून जे मला उशिरा उमगलं ते इथं लिहिते आहे.

एका नामाला लागून दुसरं नाम किंवा नामाचा गट येतो आणि त्याच माणसाची, त्याच वस्तूची दुसरी ओळख सांगतो. त्याला अपॉझिटिव्ह म्हणतात. ‘माय अंकल, अ टेलर’ यात दोन नामं आहेत आणि माणूस एक आहे. इतकं सगळ्यांना पटकन कळतं. पण कॉमा का आणि कुठं, हे कळायला आपल्याच भाषेकडं एकदा नीट बघावं लागतं.

मराठीत आपण ‘खडे बाजारात शिवणकाम करणारे माझे काका’ म्हणतो. वर्णन आधी, माणूस शेवटी. शेवटचं नाम आलं की ओळख संपली हे कान ओळखतो. कन्नडचीही चाल तशीच आहे, त्यामुळं सीमाभागातल्या मुलाच्या दोन्ही भाषा त्याला एकच वळण लावतात. आणि आपण दोन नामं शेजारी ठेवलीच, तर प्रत्यय दोघांना लावतो: ‘माझ्या भावाला, संतोषला, सांग.’ दोन्हीकडं ‘ला’ आहे, म्हणजे माणूस एकच. कॉमा नसला तरी गोंधळ होत नाही. मोडीतलं जुनं लिखाण विरामचिन्हांशिवाय चालायचं. ही चिन्हं आपल्याकडं इंग्रजीच्या सहवासानं 19व्या शतकात रुळली आणि त्यासाठी इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचं नाव घेतलं जातं.

इंग्रजीत वर्णन नामाच्या उजवीकडं येतं आणि ‘ला’, ‘नं’, ‘चा’ असे प्रत्यय दोन्ही नामांवर चढत नाहीत. मग ओळख कुठं सुरू झाली आणि कुठं संपली, हे सांगणार कोण? ते काम कॉमा करतो. आपल्याकडं जे प्रत्यय सांभाळतो, ते तिथं कॉमाच्या जोडीकडं आहे. हे लक्षात आल्यावर श्वासावर कॉमा देणं माझं एका दिवसात सुटलं.

म्हणून पहिला कॉमा दिला तर दुसरा द्यायलाच हवा. ‘द मलप्रभा, अ ट्रिब्युटरी ऑफ द कृष्णा, राइझेस ॲट कणकुंबी.’ मुलं ‘कृष्णा’नंतरचा कॉमा हमखास विसरतात आणि वाक्याचं दार उघडंच राहतं. ओळख वाक्याच्या शेवटी आली तर दुसऱ्या कॉमाची जागा पूर्णविराम घेतो. गावापुढं राज्याचं नाव येतं तेव्हाही हाच नियम लागतो: ‘बेळगावी, कर्नाटका, इज माय होम.’ ‘कर्नाटका’नंतरचा कॉमा मी छापील पत्रिकांतही गळालेला पाहिला आहे.

आता अवघड भाग. प्रत्येक अपॉझिटिव्हला कॉमा लागत नाही. तो काढून टाकला तरी कोणाविषयी बोलतोय हे स्पष्ट राहत असेल, तर ती जादा माहिती आहे आणि तिला दोन कॉमे द्यायचे. काढल्यावर ‘कोण बरं?’ असा प्रश्न उरत असेल, तर कॉमा द्यायचा नाही. मला तीन भाऊ असतील तर ‘माय ब्रदर संतोष वर्क्स इन निपाणी’ कॉमाशिवाय, कारण संतोष हे नावच भाऊ निवडून देतं. भाऊ एकटाच असेल तर ‘माय ब्रदर, संतोष, वर्क्स इन निपाणी.’ म्हणजे तुम्हाला भाऊ किती हे न सांगताही कॉमा सांगून टाकतो. जवळच्या नात्यापुढं नुसतं एक नाव असेल तर हे कॉमे गाळायची मुभा काही शैलीपुस्तकं देतात. नव्या माणसानं मात्र आधी पूर्ण नियम हातात बसवावा, असं माझं मत आहे.

यातली सगळ्यात मोठी चूक मला बेळगावच्याच कवयित्रीवरून समजावता येते. ‘इंदिरा संत, अ मराठी पोएट, लिव्ह्ड इन बेळगाव’ हे बरोबर आहे. आता उलटं करा: ‘द मराठी पोएट इंदिरा संत लिव्ह्ड इन बेळगाव.’ इथं कॉमा नको. सवयीनं ‘द मराठी पोएट, इंदिरा संत, लिव्ह्ड इन बेळगाव’ लिहिलंत तर अर्थ होतो की मराठीत कवी एकच, आणि त्या इंदिरा संत. दोन कॉम्यांनी बाकीचे सगळे कवी पुसले जातात! ‘प्रोफेसर’, ‘डॉक्टर’ अशी पदवी थेट नावाआधी आली तर तिथंही कॉमा येत नाही.

आर्टिकलचंही बघा. मराठीत ते नाही, म्हणून ‘माय फादर, फार्मर, गोज’ असं लिहिलं जातं. ‘अ फार्मर’ हवं. क्रियापदही मुख्य नामाच्या मागं जातं, मधल्या ओळखीच्या मागं नाही. एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, ‘अवर ओन्ली वेल्थ, टू बफलोज, वेअर सोल्ड.’ म्हशी दोन म्हणून तिनं ‘वेअर’ घेतलं. कर्ता ‘वेल्थ’ आहे, म्हणून ‘वॉज’. ते दुरुस्त करताना माझाही हात थांबला होता. वाक्य इतकं खरं होतं की व्याकरणापायी तिनं ते बदलू नये, एवढंच मला वाटत होतं. तिला फक्त क्रियापद बदलायला सांगितलं.

ओळखीच्या आतच कॉमे असतील तर बाहेर डॅश घ्या: ‘थ्री टाउन्स — खानापूर, निपाणी अँड अथणी — सेंट अस स्टुडंट्स.’ बाहेरही कॉमेच दिले तर वाचणारा शहरं मोजत बसतो. माझ्या काकांचं जे झालं तेही असंच होतं. यादीच्या मधोमध अपॉझिटिव्ह आला की तो यादीतला पुढचा माणूस वाटतो. त्याला यादीतून बाहेर काढा किंवा त्या माणसाला शेवटी नेऊन ‘हू इज’ जोडा.

सरावासाठी मी मुलांना गावातलीच वाक्यं देते. काँग्रेसच्या बेळगाव अधिवेशनासाठी खोदलेल्या, टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून आमच्यातले बरेचजण रोज जातात, म्हणून हे ठरलेलं: ‘गांधी प्रिसायडेड ओव्हर ओन्ली वन काँग्रेस सेशन, द बेळगाव सेशन ऑफ 1924.’ ‘सेशन’नंतर कॉमाऐवजी कोलन दिला तरी चालतो, आणि मला तोच जास्त आवडतो. ‘एकच अधिवेशन’ म्हटल्यावर वाचणारा ‘कुठलं?’ म्हणून थांबतो आणि कोलन त्याला उत्तरापाशी नेतो.

दुसरं वाक्य माझं स्वतःचं असतं. ते फळ्यावर चुकीचं लिहून मी मुलांना विचारते, “या घरात माणसं किती?” निम्मी मुलं चार म्हणतात. मग एकेकजण उठून ते सुधारतो. परवा मागच्या बाकावरच्या मुलानं लिहिलं: ‘आय वॉज रेझ्ड बाय माय आंट, माय ग्रँडमदर अँड माय अंकल, हू इज अ टेलर.’ मी फळ्यावरचं ‘इज’ पुसून ‘वॉज’ केलं. काका जाऊन आता चार वर्षं झाली.