संदेष्ट्यांचं वचन ऐकायचं कसं

माझ्या जुन्या बायबलमध्ये मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायाखाली लाल शाईच्या तीन रेघा आहेत. भट्टीसारखा जळणारा तो दिवस येत आहे, हे वाचून मी त्या काळी वर्तमानपत्रांची कात्रणं जमवायचो, वर्षांच्या बेरजा-वजाबाक्या करत बसायचो. त्याच्या थोडं आधी, तिसऱ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध परमेश्वर स्वतः साक्षीला उभा राहतो. तिथे मी एकही रेघ मारली नव्हती. आणि नेमकं तेव्हाच कुंपणाची भिंत बांधून गेलेल्या गवंड्याचे शेवटचे पैसे मी दोन महिने अडवून ठेवले होते. भिंत एका ठिकाणी वाकडी झाली, हे माझं कारण. एका संध्याकाळी अभ्यासगटातल्या वयस्कर बाईंनी मलाखी मोठ्याने वाचला आणि ते वचन मला पहिल्यांदा ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पैसे देऊन आलो.

पुढचं सगळं त्या सकाळनंतर शिकलेलं आहे.

आधी शब्द नीट समजून घ्या. भविष्य म्हटलं की आपल्याला राशी आणि कुंडली आठवते, म्हणजे होणारच असलेलं आधी कळणं. शास्त्रातला संदेष्टा निरोप घेऊन येतो. त्या निरोपात उद्याचं काही असतं ते आज ऐकणाऱ्याने वळावं म्हणून. त्यामुळे वाचताना पहिला प्रश्न ‘हे कधी होणार?’ असा विचारू नका. ‘हे कोणाला सांगितलं आणि त्याने काय केलं?’ असा विचारा.

उत्तर बहुतेक वेळा ग्रंथाच्या पहिल्याच वचनात सापडायला लागतं. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचं पहिलं वचन पाहा: यहूदात उज्जीया राजा, इस्राएलात यराबाम, भूकंपापूर्वी दोन वर्षं. राजाचं नाव मिळालं की राजांची पुस्तकं उघडा आणि त्याची कारकीर्द वाचा. हे टाळू नका. मला यिर्मयाचा ३६ वा अध्याय असाच उलगडला.

यहूदाच्या यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६०५ च्या सुमारास, यिर्मया संदेष्टा सांगत गेला आणि त्याचा लेखनिक बारूख याने गुंडाळीवर लिहून घेतलं. पुढच्या वर्षी, नवव्या महिन्यात, ती गुंडाळी राजापुढे वाचली गेली. थंडीचे दिवस, समोर पेटलेली शेगडी. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापायचा आणि विस्तवात टाकायचा. सगळी गुंडाळी जळाली. शास्त्र आवर्जून नोंदवतं की राजा आणि त्याचे सेवक भ्याले नाहीत, त्यांनी आपली वस्त्रंही फाडली नाहीत. वस्त्रं फाडणं ही तेव्हा दुःखाची आणि पश्चात्तापाची खूण होती. पण इथे तिचा उल्लेख का? आता २ राजे २२ वाचा. याच राजाचा बाप योशीया. मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, शाफान चिटणिसाने तो वाचून दाखवला, आणि योशीयाने आपली वस्त्रं फाडली. मधे दोन दशकंही गेली नव्हती. गुंडाळी जाळू नका अशी विनवणी करणाऱ्यांत गमऱ्या होता, शाफानाचाच मुलगा. मला हा अध्याय मोठ्याने वाचताना अजून थांबावं लागतं. यिर्मयाने दुसरी गुंडाळी लिहवली आणि तिच्यात आणखी पुष्कळ वचनं घातली. यरुशलेम पुढे पडलंच.

तेव्हा वाचताना मोठ्याने आणि सलग वाचा, आवडतं वचन तेवढं उचलू नका. मग वहीत लिहा: यातला कोणता तुकडा मी कापून टाकत होतो? त्यानंतर पेन्सिलीने आज्ञार्थी क्रियापदं शोधा. यशया १:१६-१७ मध्ये त्यांची रांगच आहे: स्वतःला धुवा, चांगलं करायला शिका, अनाथाला न्याय द्या, विधवेचा कैवार घ्या. त्यातलं एकच निवडा आणि त्यापुढे माणसाचं नाव आणि वार लिहा. ‘दया करायची’ असं मोघम लिहिलेलं माझ्या हातून कधी झालं नाही.

शिक्षेची वचनं वाचून हातपाय गाळू नका. योना संदेष्ट्याचा निनवे शहरातला संदेश हिब्रूत जेमतेम पाच शब्दांचा आहे: चाळीस दिवस, मग नाश. ‘वळलात तर वाचाल’ असं त्यात कुठेही नाही. तरी निनवेकर वळले आणि वाचले. यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या घरी हाच नियम उघड सांगितला आहे. मीखा संदेष्ट्याने यरुशलेमचे ढिगारे होतील असं सांगितलं तेव्हा यहूदाचा राजा हिज्कीया परमेश्वराला शरण गेला आणि ते अरिष्ट टळलं. यिर्मयाचा जीव वाचवताना वडीलमंडळींनी याच घटनेचा दाखला दिला.

कुणी तारीख सांगितली तर त्याच्यामागे जाऊ नका. अमेरिकेतले धर्मोपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या येण्याचा दिवस धरला होता. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ त्यांच्याही बायबलात होतं. तो अध्याय वाचलात तर २५ वा वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका, कारण वाट कशी पाहायची ते तिथे आहे: भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, तुरुंगातल्याची भेट.

आजही कुणी ‘प्रभू म्हणतो’ असं म्हणत उभं राहतं. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो की संदेश तुच्छ मानू नका, पण पारख करा. खरं ठरणं एवढीच कसोटी नाही. अनुवाद या पुस्तकाचा १३ वा अध्याय म्हणतो की चिन्ह घडून आलं आणि तो माणूस दुसऱ्या देवांमागे नेऊ लागला, तरी ऐकू नका. आणि मनाला गोड लागणाऱ्या संदेशाला जास्त तपासा. बाबेलचं जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, दोन वर्षांत मोडेल असं हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सांगितलं तेव्हा लोकांना ते हवंच होतं. यिर्मयाचा आकडा सत्तर वर्षांचा होता.

ऐकलं म्हणजे काय केलं, हे पाहायचं असेल तर प्रेषितांची कृत्ये ११ काढा. अंत्युखिया शहरात अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ येणार असं सांगितलं. शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या भावांसाठी मदत ठरवली आणि बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती पाठवून दिली. आमच्या गटात हा अध्याय संपला की आम्ही समारोपाची प्रार्थना लगेच करत नाही. आधी प्रत्येक जण वहीत एक नाव आणि एक रक्कम लिहितो. मग प्रार्थना.