मृगाआधी जरीच्या साड्या कशा बांधून ठेवाव्यात

मे सरत आला की आमच्या गुहागरला साटं-पापड अंगणात आणि जरीच्या साड्या पडवीत. साडीला ऊन दाखवायचं म्हणजे उन्हात टाकायचं नव्हे, रेशीम विटतं. कोरडं वारं असेल त्या दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास चटईवर धुतलेलं धोतर अंथरा आणि त्यावर साडी उलगडा. भरजरी साडी दांडीवर नको, पदराच्या वजनाने रेशीम ताणतं. दोन तास पुरे.

तेवढ्यात जर कुठली ते बघून घ्या. आतल्या बाजूचा एखादा सुटलेला धागा नखाने खरवडा. तांबूस दिसला तर तांब्यावर चांदीचा मुलामा, पांढरा दिसला तर चांदी. ज्योतीजवळ आक्रसून गोळी झाली तर प्लास्टिक, तिची एवढी बडदास्त नको. चांदी, तांबं मात्र दमट हवेत काळवंडतंच.

गुंडाळायला जुनं मऊ धोतर किंवा मलमल घ्या, पण बिनखळीची. खळ खायला कसर येते. माझी पुण्याची जाऊ साड्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते. तिकडे चालून जात असेल, इथे आत दमट हवा कोंडली की जुलैत बुरशी ठरलेली. घडी दरवर्षी बदला, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर चिरतं. जर आतल्या अंगाला ठेवा आणि घडीच्या बाकात मलमलीची सुरळी घाला.

डांबरगोळी ठेवायची तर पुरचुंडीत, जरीला न टेकवता. डांबरगोळी आणि कापूर मात्र एकत्र नको: दोन्ही मिळून आपल्या उकाड्यात पाझरतात आणि डाग पडतात. मी दोन्ही ठेवत नाही, निरगुडीचा सुकवलेला पाला ठेवते.

कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. भिंत पावसाळाभर पाणी पिते, आणि खरा शत्रू किडा नव्हे, ही ओल आहे. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरा, पण भाकरीचा तवा त्याला देऊ नका.

तरीही बुरशी दिसली तर ओलं फडकं लावू नका. सावलीत पूर्ण सुकवा, मग नाकाला रुमाल बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. काळवंडलेल्या जरीला चिंच-लिंबू लावायला हात शिवशिवत असतील तर आवरा, काळेपणासोबत मुलामाही जाईल.

आणि गौरीचं. आपली गौर तेरड्याची, तिला साडी नेसवायची हौस सगळ्यांना. ओल्या देठांचं पाणी आणि रस रेशमात उतरतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण साडीवर पडला तर जन्माचा सोबती. देठं निथळून कोरड्या पंच्यात घट्ट गुंडाळा, वरून प्लास्टिकचा कागद (इथे मात्र हवाच) आणि मग साडी. टाचण्या जरीत न खुपसता निऱ्यांच्या आत लावा. विसर्जन झालं की कुंकू कोरड्या ब्रशने झटकून साडी रात्रभर पंख्याखाली पसरा, सकाळी नव्या घडीवर घाला.