दातांच्या दवाखान्यातल्या या चुका टाळा: कूलरपुढचे पाऊच आणि इतर उपद्व्याप

मे महिन्यात नागपूरच्या घरात कूलरपुढे काय वाळत नाही? टॉवेल, पोरांचे शाळेचे मोजे, मावशीच्या शेवयासुद्धा. पण दात काढायचे फोर्सेप वाळत घातलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले, आणि ते पाहून माझं डोकं जे फिरलं ते अजून पूर्ण जागेवर आलेलं नाही.

मी डेंटल असिस्टंट आहे. १९ वर्षं झाली या कामाला. डॉक्टर खुर्चीवर काय करतात ते पेशंटला दिसतं, मागच्या खोलीत काय चालतं ते कोणालाच दिसत नाही. सगळ्या भानगडी त्या मागच्या खोलीतच होतात. नव्या पोरी शिकायला येतात, नवे डॉक्टरही येतात, आणि दर वर्षी त्याच त्या चुका नव्याने करतात.

तर तो कूलर. एका दवाखान्यात मी नुकतीच लागले होते. दुपारचे अडीच, बाहेर ४५ डिग्री, वेटिंगमध्ये सहा माणसं, आणि मध्येच लाइन जाऊन आली होती. मागे गेले तर स्टुलावर अकरा ओले पाऊच ओळीने मांडलेले (पाऊच म्हणजे हत्यारं भरून ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेच्या मशीनमध्ये, निर्जंतुक करायची कागद-प्लास्टिकची पाकिटं), वरून कूलरचा फर्राटा, आणि पाऊचचे कागद फडफड करताहेत. पोरगी एकदम खूश. म्हणे, "ताई, अर्ध्या घंट्याचं काम पाच मिनिटात होऊन राहिलं ना!"

त्या कूलरच्या टाकीतलं पाणी कधी बदललं होतं कोणास ठाऊक. खाली हिरवा चिकट थर, वर मेलेली माशी. तेच पाणी, रस्त्याची धूळ घेऊन, वाऱ्याबरोबर ओल्या कागदावर. कोरडा कागद जंतूंना बाहेर अडवतो, ओला कागद दिव्याच्या वातीसारखा असतो, बाहेरचं आत ओढून घेतो. म्हणजे १२१ डिग्रीत तापवून, दाबाखाली ठेवून, सगळं मारून काढलं आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा पेरून ठेवलं. ओला पाऊच म्हणजे स्टराइल, जंतुविरहित, नसलेला पाऊच. यात "थोडासाच ओला आहे" वगैरे काही नसतं.

मी अकराच्या अकरा फाडले, हत्यारं नवीन पाऊचमध्ये भरून पुन्हा लावली. पेशंट सव्वा तास बसून राहिले. एक काकाजी तर "दात राहू द्या, मी जातो" म्हणून उठून गेले. डॉक्टर माझ्यावरच चिडले: "तापून तर निघाले होते ना, एवढं काय?" नोकरी नवीन होती, तोंड बंद ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी तो कूलर वेटिंगमध्ये सरकवला आणि त्याचं खोलीत यायचं तोंड बंद केलं.

पाऊच ओले राहतात ते बहुतेक वेळा मशीनच्या दोषाने नाही, आपल्या हातच्या दोषाने. एसटीत माणसं कोंबावीत तसं भरतात. वाफेला फिरायला जागाच नसते. पाऊच आडवे एकावर एक टाकायचे नाहीत, रॅकमध्ये उभे लावायचे, एकाची कागदाची बाजू दुसऱ्याच्या प्लास्टिकच्या बाजूला. सायकल, म्हणजे मशीनची एक पूर्ण फेरी, झाल्यावर दार बोटभर उघडून वीस-तीस मिनिटं तसंच ठेवायचं. त्या वेळात मी स्टॉकची वही लिहिते, म्हणजे हात शिवशिवत नाहीत. पेशंट थांबत असतील तर थांबू द्या. हत्यारांचे सेट कमी पडतात म्हणून घाई होते, आणि सेट घ्यायला डॉक्टरांना पैसे जड जातात. त्याच डॉक्टरांकडे वेटिंगमध्ये मासळ्यांची टाकी असते, ते वेगळं.

मध्येच लाइन गेली तर? सायकल पहिल्यापासून. "दहा मिनिटं झालीच होती, आता पाच लावते" हे चालत नाही. आणि पाकिटावरच्या टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे झालं, हेही नाही. ती टेप फक्त सांगते की पाकीट गरम वाफेतून गेलं, पुरेसा वेळ राहिलं की नाही ते ती सांगत नाही. खरं उत्तर स्पोअर टेस्टचं. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा जंतू आहे, त्याचे बीजाणू वाफेला सगळ्यात चिवट. त्याची पट्टी लोडमध्ये मधोमध ठेवायची आणि नंतर लॅबला द्यायची. तो मेला तर बाकीचे मेलेच समजा. आठवड्यातून एकदा ही टेस्ट व्हायला पाहिजे. किती दवाखान्यांत होते ते विचारू नका, भांडणं होतील.

ज्यांच्याकडे अजून कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण ही चूक मी स्वतः पहिलं वर्षभर करत होते. मी झाकण लावलं की लगेच व्हॉल्व्ह बंद करायची. काटा १५ पाउंडावर गेला की घड्याळ लावायची. काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. आत हवा अडकलेली असेल तर दाब १५ दिसतो आणि तापमान १२१ ला पोचलेलंच नसतं, कारण तो दाब हवा आणि वाफ दोघांचा मिळून असतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, आधी फुरफुर हवा येते, मग सलग जोरात वाफ यायला लागते. तशी काही मिनिटं जाऊ द्यायची, मग बंद करायचा. वेळ मोजायची ती अशी हवा काढून मग काटा वर पोचल्यावर, बटन दाबल्यापासून नाही. आणि पाणी डिस्टिल्डच घाला. बोअरच्या पाण्याने आत जो पांढरा थर बसतो तो खरवडायला मेकॅनिक जेवढे घेतो तेवढ्यात वर्षाचं डिस्टिल्ड पाणी येतं.

हत्यारं न धुता मशीनमध्ये टाकणाऱ्यांना काय म्हणावं? रात्रीचं वरण वाळलेलं पातेलं नुसतं गरम केलं तर निघतं का? रक्त सुकलं की त्याच्याखाली वाफ पोचत नाही. वापरलं की लगेच एन्झाइमच्या पाण्यात, फोर्सेप सांधा उघडून, मग अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी घाण सोडवणारं मशीन), मग भिंगाखाली बघून. हाताने घासायचं असेल तर पाण्याच्या खाली ब्रश चालवा, शिंतोडे उडवू नका. भांड्याचे जाड रबरी हातमोजे घाला, तपासणीचे पातळ नाही. बर (दात कोरायची टोकं) आणि फाइली (दाताची नस साफ करायच्या बारीक सुया) मी वेगळ्या डबीत ठेवते, कारण घाण सगळ्यात जास्त तिथेच दडते.

एअरोटर, म्हणजे दात कोरायचं फिरतं मशीन, स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटच्या तोंडात घालू नका. तो बंद होताना तोंडातलं पाणी आणि रक्त आत ओढतो. पुसल्याने बाहेरचा भाग चकचकीत होतो, आतला तसाच. तेल घालून, पाऊचमध्ये, ऑटोक्लेव्हला. दोन पेशंटच्या मध्ये त्याच्या नळीतलं पाणी वीस-तीस सेकंद सोडून द्या.

ग्लुटराल्डिहाइडमध्ये, म्हणजे जंतुनाशक रसायनात, वीस मिनिटं बुडवलं म्हणजे स्टराइल झालं असं म्हणणारे डॉक्टर मी अजून बघते. वीस मिनिटांत बीजाणू मरत नाहीत, त्यासाठी दहा तास लागतात. मशीनमध्ये जाऊ शकणारी वस्तू त्या वासाच्या पाण्यात टाकायचं कारणच काय?

आता सुई. इथे मी लांब बोलणार.

२०११ सालची गोष्ट. तेव्हा मी जिथे होते तिथले डॉक्टर हाताने फार छान होते, पण सुई ट्रेमध्ये तशीच टाकायची सवय. त्या दिवशी दाढ काढल्यावर ट्रे उचलला. गॉजच्या बोळ्याखाली उघडी सुई. डाव्या अंगठ्यात ग्लव्हमधून आत. आधी दुखलंच नाही, ग्लव्हच्या आत लाल ठिपका दिसला तेव्हा कळलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरला. पिळायचा नाही, तोंडात घालायचा नाही, त्यावर स्पिरिट किंवा हायपो (ब्लीचचं पाणी) ओतायचं नाही, एवढं नशिबाने माहीत होतं. पेशंट बाई इतवारी भागातल्या आपल्या घरी पोचलेल्या. त्यांना फोन करून परत बोलावलं, रक्त द्यायला तयार केलं. त्या बिचाऱ्या आल्या, आणि उलट मलाच समजावत होत्या. मी तोवर रिक्षाने मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. एचआयव्हीचं औषध सुरू करायचं असेल तर जितकं लवकर तितकं बरं, दोन तासांच्या आत झालं तर उत्तमच, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत?" माझे दोनच झाले होते. तिसरा सहा महिन्यांनी घ्यायचा असतो, तो मी विसरले होते. त्या खुर्चीवर बसून जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

बाईंचे रिपोर्ट चांगले आले. पण आकडे तेव्हा पाठ झाले ते अजून आहेत: पेशंटला तो आजार असेल तर अशा टोचण्यातून एचआयव्ही लागायची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बी ची, लस नसेल तर, पेशंटप्रमाणे शंभरात सहापासून तीसपर्यंत. लोक घाबरतात पहिल्याला, आणि दुसऱ्याची लस अर्धवट सोडतात. तीन डोस, शून्य-एक-सहा महिने, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची. नव्या पोरीचा तिसरा डोस मी आता माझ्या कॅलेंडरवर लिहिते, तिच्या नाही.

ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची, हा माझा नियम. टोपण घालायचंच असेल तर टोपण ट्रेवर ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात मागे. "सुई गेली" हे शब्द ऐकल्याशिवाय मी ट्रेला हात लावत नाही. डॉक्टर हसतात, हसू द्या.

सुईचीच आणखी एक चूक, आणि ही पेशंटच्या जिवावरची. भूल पूर्ण चढली नाही, पेशंट "दुखते ना हो" म्हणतो, आणि डॉक्टर त्याच सिरिंजने लिग्नोकेनच्या, म्हणजे भुलीच्या औषधाच्या, मोठ्या बाटलीतून आणखी औषध ओढतात. ३० मिलीची बाटली, दिवसभर दहा-बारा जणांना पुरणारी. तोंडात जाऊन आलेली सुई बाटलीत गेली की पुढचे सगळे त्या पेशंटचे भागीदार. सुई बदलून सिरिंज तीच ठेवली तरी तेच. प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज. मी आधीच दोन सिरिंजची पाकिटं फोडून ठेवते, म्हणजे आळस करायला कारण उरत नाही. एक वाया गेली तर जाऊ दे. शक्य असेल तर एका पेशंटपुरतं कार्ट्रिजच वापरावं.

बाकी पटापट. ग्लव्ह घालून मोबाइल उचलू नका, ड्रॉवर उघडू नका, नाक खाजवू नका. लाइटच्या दांड्याला क्लिंग फिल्म लावा, दर पेशंटला बदला. हायपोची पारदर्शक बाटली खिडकीत ठेवली की नागपूरच्या उन्हात त्यातला दम निघून जातो. रोज सकाळी ताजं मिसळा, बाटली अपारदर्शक ठेवा, आणि त्यात हत्यारं बुडवू नका, गंजतात.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्या पेशंटचं तोंड बरेचदा दोन बोटंही उघडत नाही. अशा तोंडात आरसीटीची (रूट कॅनालची) फाइल हातातून सुटली तर थेट घशात. रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबराचा पडदा, लावायला पाच मिनिटं जातात म्हणून टाळणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी एकच विचारते: गिळलेली फाइल शोधायला किती जातात?

"औषध चालू आहे का?" असं विचारू नका. पेशंट सरळ "नाही" म्हणतो, कारण बीपीची गोळी त्याच्या लेखी औषध नसते, ती "रोजची" असते. "सकाळी उठल्यावर काय काय गोळ्या घेता, पिशवी दाखवा," असं विचारलं की रक्त पातळ करायची गोळी बाहेर येते. ती बंद करायची की नाही हे हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीच ठरवायचं नाही.

आणि चुकीचा दात. ३६ आणि ४६ हे दातांचे नंबर, एक डावा एक उजवा, समोर उभं राहिलं की उलटे होतात. भूल द्यायच्या आधी मी पेशंटच्या हाताने दात दाखवून घेते, डॉक्टर नंबर मोठ्याने वाचतात, मी एक्सरेवर बघते. तिघांचं जुळलं नाही तर सुई भरत नाही. मागच्या महिन्यात एकदा नव्हतं जुळलं. एक्सरे लाइटबॉक्सवर उलटा लावला होता. मीच लावला होता.