माले ते गन: अंतर काढा हाताने

तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे मुलगा तिकीट शोधेपर्यंत मी हिशेब मांडून बसते. मालदीवचे माले आणि गन हे दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखांशावर, म्हणून फक्त अक्षांश बघायचे. माले 4°12′ उत्तर, गन 0°42′ दक्षिण. इथे पोरं हमखास वजाबाकी करायची! मध्ये विषुववृत्त आहे, बेरीज करा: 4°54′, म्हणजे एका अंशाची साठ मिनिटं धरून 294 मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. झाले सुमारे 540 किलोमीटर.

पंख्याचं विमान ताशी 500 धरा. तासाभराला चढण्या-उतरण्याची पंधरा मिनिटं जोडा. खिडकी मात्र मागून घ्या. खाली प्रवाळबेटांची कंकणं दिसतात.